ओळखीच्या गावातले पुस्तक-परीक्षण: बांधणीचा एक आढावा

जानेवारी २०२५च्या पहिल्या पंधरवड्यात राज्यातल्या महाविद्यालयांमधून ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा शासकीय उपक्रम झाला. सामूहिक वाचन आणि ग्रंथप्रदर्शने यांच्या जोडीला त्यात पुस्तक परीक्षण व कथन स्पर्धाही होती. पुस्तक वाचून त्यावर चार पाने लिहिणे हे काम एरवी मराठी विभागापुरते असते. त्या पंधरवड्यात ते विज्ञान-वाणिज्याच्या मुलांपर्यंतही गेले. आता अशा मुलांच्या हाती परीक्षणाचा कोणता नमुना आहे, हा प्रश्न उरतो.

नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आधी लेखकाचा परिचय, त्याचे पुरस्कार आणि आधीची पुस्तके. मग प्रकरणांचा क्रमवार गोषवारा. मग ‘भाषा ओघवती आहे’ हे वाक्य. मग मुखपृष्ठाचे कौतुक, जमल्यास मुद्रणदोषांबद्दल एक हळू तक्रार, आणि शेवटी पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावे अशी शिफारस. स्पर्धेतला विद्यार्थी असे लिहितो, रविवारच्या पुरवणीतला प्राध्यापक असे लिहितो आणि प्रकाशन समारंभातले भाषण कागदावर उतरवून पाठवणारा पाहुणाही असेच लिहितो. पुस्तकाचे नाव बदलले तरी मजकूर फारसा बदलावा लागत नाही, हे या साच्याचे खरे लक्षण आहे.

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न जरा जास्त टोचतो. इथे लेखक, प्रकाशक, परीक्षक आणि वाचक हे बहुधा एकमेकांचे सर, विद्यार्थी, सोयरे किंवा गल्लीतले शेजारी असतात. ज्या आप्पांच्या कादंबरीवर लिहायचे, ते पुढच्या आठवड्यात लग्नात भेटणार असतात. अशा ठिकाणी परीक्षण मोकळेपणाने लिहिणे कठीण, आणि म्हणून बहुतेक जण साच्याच्या आडोशाला जातात. साचा कोणालाच दुखवत नाही. या लेखाचे म्हणणे उलट आहे: ओळखीच्या गावात परीक्षकाची सचोटी टिकवायची असेल तर त्याला बांधणीच मदत करते. आधी पुरावा, मग मत, असा क्रम पाळला की कौतुक खुशामत वाटत नाही आणि दोष दाखवला तर तो वैरातून आला असे म्हणता येत नाही.

सहा जाती, सहा कामे

पुस्तकाभोवती जे लेखन होते त्याच्या जाती आधी वेगळ्या करू. ‘साभार पोच’ म्हणजे पुस्तक मिळाल्याची नोंद: नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. ‘पाठराखण’ म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर. तो प्रकाशकाचा किंवा लेखकाच्या स्नेह्याचा असतो. ‘प्रस्तावना’ लेखकाच्या बाजूने बोलते आणि वाचकाला दारातून आत घेते. ‘परिचय’ पुस्तकात काय आहे ते सांगतो. ‘परीक्षण’ पुस्तकात काय आहे, ते कितपत साधले आहे आणि कोणी वाचावे, हे सांगते. ‘समीक्षा’ पुस्तक वाचलेल्या माणसाशी बोलते आणि त्या पुस्तकातून साहित्याचा एखादा मोठा प्रश्न काढते.

या सगळ्यांची सरमिसळ हे आपल्याकडच्या बहुतेक फसलेल्या परीक्षणांचे मूळ असते. प्रस्तावना लिहिणाऱ्यानेच वर्तमानपत्रात परीक्षण लिहावे, प्रकाशनाच्या मंचावरचे भाषण परीक्षण म्हणून छापावे, किंवा पाठराखणीतली वाक्ये फिरवून परिचय तयार करावा, हे प्रकार सर्रास होतात. परीक्षक वाचकाच्या बाजूचा असतो. ज्याने पुस्तकावर पैसे आणि दोन रात्री खर्च करायच्या, त्याला खरे काय ते सांगणे हे त्याचे काम आहे. ही बाजू एकदा ठरली की बांधणीचे निम्मे प्रश्न सुटतात.

मागचे नमुने

मराठीत पुस्तकांवर लिहिण्याची रीत १९व्या शतकातल्या मासिकांनी घातली. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने नव्या ग्रंथांची दखल घेणे हे मासिकाचे नेमाचे काम मानले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४पासून ग्रंथांवरच्या टीकेला धार दिली. मात्र त्या धारेचे एक उदाहरण आजही धडा म्हणून पुढे ठेवावे असे आहे. जोतीराव फुले यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची भरपूर टिंगल केली. ‘गुलामगिरी’ १८७३ साली आलेली होती. तिच्यातला समाजव्यवस्थेबद्दलचा आरोप खरा की खोटा, हा मुख्य प्रश्न होता. तो बाजूला पडला आणि शुद्धलेखन पुढे आले. परीक्षणात भाषेचे दोष कोणत्या जागी आणि किती वजनाने यावेत, हा केवळ मांडणीचा प्रश्न नाही, हे यावरून दिसते. ज्या प्रदेशात अहिराणी, लेवा गणबोली, तावडी आणि भिल्ली बोलल्या जातात, तिथल्या परीक्षकाने हा धडा सतत जवळ ठेवावा.

दुसरा नमुना धुळ्याशी जोडलेल्या माणसाचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे म्हटले की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आणि त्यांच्या लांबलचक प्रस्तावना आठवतात. पण १९०२ साली ‘ग्रंथमाले’त त्यांनी ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला. त्यात त्यांनी कादंबऱ्यांची अद्भुत आणि वास्तव अशी विभागणी केली, युरोपातल्या कादंबरीशी मराठीची तुलना केली आणि आपल्या कादंबरीचा हिशेब मांडला. आधी वर्ग, मग तुलना, मग निवाडा, असा हा क्रम. एकट्या पुस्तकावर लिहितानाही तो उपयोगी पडतो: हे पुस्तक कोणत्या जातीचे, त्या जातीतली चांगली पुस्तके कोणती, आणि त्यांच्या शेजारी हे कुठे बसते?

तिसरा नमुना कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या पुस्तकाचा. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक १९५२ साली आले आणि त्याला प्रस्तावना होती आचार्य अत्र्यांची. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी जपून ठेवलेली ही गाणी महाराष्ट्रापुढे आणण्यात त्या प्रस्तावनेचा वाटा मोठा आहे. प्रस्तावनेचे कामच ते. अडचण पुढे झाली. नंतरच्या कितीतरी परीक्षणांनी प्रस्तावनेचाच सूर उचलला: आरंभी कवयित्रीला अक्षरओळख नव्हती हे आश्चर्य, शेवटी पुन्हा तेच आश्चर्य. मधल्या जागेत मळ्याचे, जात्याचे, चुलीचे काम आणि ओवीची चाल यांचा एकमेकांशी काय संबंध, बोलीतला कोणता शब्द कोणत्या ओळीला वजन देतो, ही तपासणी थोडीच झाली. प्रस्तावनेच्या बांधणीत परीक्षण लिहिले की असे होते.

चौथा नमुना भालचंद्र नेमाडे यांचा. यावल तालुक्यातल्या सांगवीचे नेमाडे १९६३ साली ‘कोसला’ने कादंबरीकार म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्या टीकालेखांचे पुस्तक ‘टीकास्वयंवर’ याला १९९१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हे त्यांच्या एका लेखाचे शीर्षकच त्यांची पद्धत सांगते. इथे आधी भूमिका येते. लेखकाने समाजाशी कोणते नाते ठेवावे, कादंबरी या प्रकाराकडून काय मागावे, हे ठरवून मग ते पुस्तकांकडे वळतात. या पद्धतीत ताकद आहे आणि धोकाही आहे. भूमिका ठाम असली की परीक्षण धीट होते. पण ज्याच्याकडे नेमाड्यांचे वाचन नाही त्याने ही बांधणी उचलली तर पुस्तक राहते बाजूला आणि परीक्षकाची मतेच मतांना उत्तरे देत बसतात.

पाचवा नमुना नियतकालिकांनी घडवलेला. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली धुळ्याहून ‘कविता-रती’ सुरू केले. केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक जिल्ह्याच्या गावातून काढायचे आणि चालवायचे, हे धाडस होते. उत्तर महाराष्ट्रातल्या लेखक-प्राध्यापकांनी वाढवलेल्या ‘अनुष्टुभ’नेही समीक्षेला सलग जागा दिली. अशा नियतकालिकांमुळे एका कवितेवर थांबून, ओळीओळीने लिहिण्याची सवय लागते. संग्रहाबद्दल सरसकट विधान करण्याआधी चार कविता नीट वाचून दाखवायच्या, हा त्यातून मिळणारा धडा.

शाळेतून आलेले तीन कप्पे

या पाच नमुन्यांपेक्षा जास्त प्रभाव मात्र सहाव्याचा आहे आणि तो शाळेतून येतो. दहावीच्या ‘कुमारभारती’त कवितेचे रसग्रहण शिकवताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे दिले जातात. परीक्षेत गुण वाटायला हे कप्पे सोयीचे आहेत. पण त्यांच्या नावांतच निकाल लागलेला असतो. कवितेत सौंदर्य आहे हे गृहीत, विद्यार्थ्याने ते फक्त दाखवायचे. ‘ही कविता मला जमलेली वाटत नाही, कारण…’ असे लिहायला त्या उत्तरपत्रिकेत जागा नाही. पाठ्यपुस्तकातली कविता निवडून आलेली असते, तेव्हा तिथे हे चालून जाते. नव्या, न पारखलेल्या पुस्तकावर तेच कप्पे लावले की परीक्षणात दोषाला बसायला जागाच राहत नाही.

कादंबरीसाठी असेच दुसरे कप्पे आहेत: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली, संदेश. पदवीच्या वर्गात हे पाठ झालेले असतात. ‘कोसला’वर ते लावून पाहावेत. कथानक एका वाक्यात संपते: खान्देशातल्या खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि अपयश घेऊन परततो. पुस्तकाचे सगळे बळ सांगण्याच्या रीतीत आहे, डायरीत आहे, इतिहासलेखनाच्या विडंबनात आहे, बहिणीच्या मृत्यूने अचानक बदलणाऱ्या सुरात आहे. कप्प्यांच्या क्रमाने गेलेला परीक्षक या सगळ्याला ‘भाषाशैली’ या पाचव्या कप्प्यात चार ओळी देईल. जे पुस्तकात सर्वांत मोठे आहे त्याला परीक्षणात सर्वांत जास्त जागा मिळाली पाहिजे, हा बांधणीचा पहिला नियम कप्पे मोडून टाकतात.

परंपरेतली मोजमापे

साचा सोडायचा तर धरायचे काय? आपल्याच शास्त्रपरंपरेत दोन मोजमापे तयार आहेत आणि पुस्तक-परीक्षणाला ती चपखल बसतात.

पहिले अनुबंधचतुष्टय. कोणताही शास्त्रग्रंथ हाती घेताना चार गोष्टी विचाराव्यात असे जुने लोक मानत: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. पुस्तक कशाबद्दल आहे, ते कशासाठी लिहिले, विषय आणि ग्रंथ यांचे नाते काय, आणि ते कोणी वाचावे. ‘प्रत्येकाच्या संग्रही असावे’ या शिफारशीपेक्षा ‘अधिकारी कोण’ हा प्रश्न कितीतरी प्रामाणिक आहे. केळीच्या लागवडीवरचे पुस्तक रावेरच्या शेतकऱ्याला हवे आहे की कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला, हे परीक्षकाने सांगितले तर ग्रंथपालाचेही काम होते.

दुसरे तात्पर्यलिंगे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी काही खुणा सांगितल्या: आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, अपूर्वता म्हणजे नवेपण, फल, अर्थवाद म्हणजे स्तुतिपर किंवा पूरक मजकूर, आणि उपपत्ती म्हणजे युक्तिवाद. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभी गीतेचे तात्पर्य ठरवायला हीच कसोटी पुढे केली. आजच्या परीक्षकालाही ती पुरते. पुस्तकाने आरंभी जे कबूल केले ते शेवटी दिले का? कोणती कल्पना परत परत येते, आणि तो परतावा अर्थ वाढवतो की पाने? या विषयावरच्या आधीच्या पुस्तकांपेक्षा यात नवे काय? कोणता मजकूर नुसता भरीचा आहे? युक्तिवाद कुठे तुटतो? वाचताना समासात या प्रश्नांची उत्तरे टिपली की परीक्षणाचा कच्चा माल हाताशी येतो.

बांधणी, भागाभागाने

आता प्रत्यक्ष लेखन. सुरुवातीला शीर्षपट्टी: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन आणि गाव, आवृत्तीचे वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत. जळगाव-धुळ्यात बरीच पुस्तके लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने किंवा राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून निघतात आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोहोचत नाहीत. म्हणून पुस्तक कुठे मिळेल ही ओळ इथे सजावट नसते. लेखक परीक्षकाचा गुरू, सहकारी किंवा नातलग असेल तर तेही एका वाक्यात इथेच सांगून टाकावे. सांगितलेले नाते वाचक माफ करतो. लपवलेले गावाला आधीच ठाऊक असते.

पहिला परिच्छेद पुस्तकाचा मुख्य प्रश्न सांगणारा हवा. लेखकाचे चरित्र तिथे नको. चरित्रातला जो तपशील पुस्तक समजायला लागतो तेवढाच, आणि लागेल त्या जागी.

गोषवारा एकूण लेखाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसावा. प्रकरणे एकामागून एक सांगण्याऐवजी मुख्य प्रश्नाभोवती मजकूर गोळा करावा. कादंबरीचा शेवट सांगू नये. संशोधनग्रंथाचा निष्कर्ष मात्र सांगितलाच पाहिजे, कारण वाद त्याच्याशीच घालायचा असतो.

पुरावा हा परीक्षणाचा कणा. प्रत्येक मताला पुस्तकातले एक अवतरण किंवा प्रसंग, पृष्ठ क्रमांकासह. ‘भाषा चित्रमय आहे’ असे लिहिण्याऐवजी चित्र दिसेल अशी दोन वाक्ये द्यावीत आणि पुढे जावे. अवतरणे पहिल्या वीस पानांतूनच येत असतील तर वाचकाला संशय येतो आणि तो बहुधा खरा असतो.

दोष सांगण्याची जागा पुरावा मांडून झाल्यानंतरची. लेखकाने काय करायचे ठरवले होते ते मान्य करून, त्यात तो कुठे कमी पडला ते सांगावे. त्याने करायचेच ठरवले नव्हते त्याबद्दल त्याला दोषी धरू नये. दोषांची जातही वेगळी करावी: लेखकाचा दोष, संपादनाचा दोष आणि मुद्रणाचा दोष. पदरमोड करून छापलेल्या पुस्तकाला बहुधा संपादक लाभलेला नसतो. तीच आठवण दोन प्रकरणांत आली, तारखा एकमेकींशी भांडू लागल्या, तर ती उणीव संपादनाची आहे असे नाव घेऊन सांगावे. पुढच्या आवृत्तीला त्याचा खरा उपयोग होतो.

निवाडा शेवटी, दोन-तीन वाक्यांत. तो आधी आलेल्या पुराव्यातून निघालेला असावा. नवे कौतुक किंवा नवा आरोप तिथे आणू नये. हे पुस्तक कोणी वाचावे आणि कशासाठी, हे उत्तर तिथे मिळाले की परीक्षण पूर्ण झाले.

पुस्तकाची जात बदलली की

हा क्रम सगळीकडे सारखा चालत नाही. खान्देशचीच काही पुस्तके घेऊन ते पाहता येते.

विनोबांनी धुळे तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे त्याचे पुस्तक. बहिणाबाईही आपली गाणी कामात गुणगुणत आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ती टिपून ठेवत. खान्देशातल्या दोन मोठ्या पुस्तकांत बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा आहे. अशा पुस्तकाच्या परीक्षणात पहिला भाग संहितेचा हवा. कोणी, कधी, कोणासमोर बोलले, कोणी उतरवले, आवृत्त्यांत काय बदलले. भाषेबद्दलचे कोणतेही मत त्यानंतर. प्रवचनातला सोपेपणा तुरुंगातल्या श्रोत्यांमुळे आला की लेखणीमुळे, हे न विचारता शैलीचे कौतुक करणे घाईचे ठरते.

बोलीतल्या पुस्तकाला आणखी वेगळी मांडणी लागते. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो भाग धुळे जिल्ह्यात होता. त्यात भिल्ली कविता आहेत आणि मराठीही. अशा संग्रहावर लिहिताना मूळ ओळ आधी, तिचा मराठी अर्थ नंतर, आणि मगच मत, हा क्रम पाळायला हवा. फक्त मराठी अर्थावरून कवितेची परीक्षा करणे म्हणजे दुसऱ्याच कवितेची परीक्षा करणे. अहिराणी कथेतही संवादात ‘शे’ आणि निवेदनात ‘आहे’ असेल, तर लेखकाने ती विभागणी का केली हे विचारावे. बोलीला ‘गोडवा’ बहाल करून पुढे जाणारे परीक्षण बोलीचा सन्मान करत नाही. तिला प्रश्न विचारणारे करते. नाहीतर चिपळूणकरांची टिंगल आणि आजचे लाड, दोन्हीत पुस्तकाचे म्हणणे सारखेच ऐकायचे राहते.

इतिहासाच्या साधनग्रंथांची गोष्ट आणखी निराळी. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेच्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. अशा संग्रहातली कागदपत्रे छापून आली तर परीक्षकाने कथा सांगत बसू नये. मोडीचे वाचन तपासले का, गाळलेल्या जागा दाखवल्या का, तारखांचे रूपांतर कसे केले, सूची आहे का, टीपा मूळ कागदापर्यंत नेतात का, या प्रश्नांनाच तिथे मुख्य जागा. हे प्रश्न रुक्ष वाटले तरी पुढचा अभ्यासक याच उत्तरांवर विसंबतो.

पहिल्या पुस्तकाला थोडी वेगळी जागा द्यावी. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहाच्या पुरस्काराला बहिणाबाईंचेच नाव आहे, आणि या भागातून दरवर्षी नवे कवी येतात. नव्या कवीच्या संग्रहात तीन कविता खऱ्या जमलेल्या असतील तर त्या तीनच घेऊन लिहावे. उरलेल्यांबद्दल एक स्पष्ट वाक्य पुरेसे असते. सरसकट कौतुकाने नव्या कवीचे जेवढे नुकसान होते तेवढे कडक टीकेनेही होत नाही.

राहता राहिले गौरवग्रंथ आणि स्मरणिका. त्यांचे परीक्षण करू नये. त्यांना साभार पोच पुरते.

जागा, लांबी आणि नाव

बांधणी ठरवणारा सर्वांत व्यवहारी घटक म्हणजे मिळणारी जागा. जिल्हा आवृत्तीत तीन-चारशे शब्दांत पुस्तक आटपावे लागते आणि तेवढ्यात पुरावा मावत नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली पुस्तक-परीक्षकाच्या कष्टांवर निबंध लिहिला, त्यात त्याने सुचवले होते की बहुतेक पुस्तकांकडे दुर्लक्ष करावे आणि मोजक्या महत्त्वाच्या पुस्तकांवर निदान हजार शब्द लिहावेत. व्हर्जिनिया वुल्फने त्याआधी, १९३९ साली, वर्तमानपत्री परीक्षणाची जागा गोषवारा आणि पसंती-नापसंतीच्या एखाद्या खुणेने घ्यावी असे सुचवले होते. दोघांच्या वाटा निराळ्या असल्या तरी हिशेब एकच निघतो: प्रत्येक पुस्तकाला थोडे थोडे देण्यापेक्षा काहींना पोच आणि काहींना पुरेशी जागा. रविवारच्या अर्ध्या पानात पाच परिचय छापण्याऐवजी एक पूर्ण परीक्षण आणि चार पोचा छापल्या तर वाचकाचा फायदाच होईल.

नावाचा प्रश्नही आहेच. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९७०च्या दशकापर्यंत परीक्षणाखाली नाव नसे. नाव नसल्याने धीटपणा येतो असा युक्तिवाद होता. बेजबाबदारपणाही येतो, हे लक्षात आल्यावर १९७४ साली जॉन ग्रॉस या संपादकाने नावे छापायला सुरुवात केली. जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी निनावीपणाचा उपयोग आणखीच कमी. कोणी लिहिले ते दोन दिवसांत कळते. तेव्हा नाव लिहावे, नाते सांगावे आणि पुरावा द्यावा. जिल्ह्याबाहेरच्या पुस्तकावर इथल्या परीक्षकाने आणि इथल्या पुस्तकावर बाहेरच्याने लिहावे, अशी अदलाबदल संपादकांनी केली तर संकोचही निम्मा होईल.

साहित्य संमेलने भरवण्याच्या बाबतीत खान्देश कधी मागे नव्हता. १९३६ साली जळगावला माधव जूलियन, १९४४ साली धुळ्याला मामा वरेरकर, १९५२ साली अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. १९८४ साली जळगावला शंकरराव खरात, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७व्या संमेलनाचे रवींद्र शोभणे. पुस्तके छापणे, प्रकाशन समारंभ करणे, संमेलन भरवणे हे सगळे आपल्याला जमते. छापलेल्या पुस्तकाला खरे सांगणारा वाचक मिळवून देणे अजून जमायचे आहे.

त्यासाठी मोठी योजना लागत नाही. महाविद्यालयांनी परीक्षण स्पर्धेच्या नियमांत गोषवाऱ्याला मर्यादा घालावी आणि पृष्ठ क्रमांकासह पुरावा मागावा. संपादकांनी महिन्यातून एकदा तरी हजार शब्दांची जागा एका स्थानिक पुस्तकासाठी राखून ठेवावी. वाचनालयांनी आलेली परीक्षणे पुस्तकाशेजारी लावावीत. लेखकांनी दोन प्रती पाठवताना अभिप्रायाची भाषा ठरवून पाठवू नये. आणि परीक्षकाने, मग तो स्पर्धेतला विद्यार्थी असो की विभागप्रमुख, लेख पाठवण्याआधी पुस्तकाचे नाव झाकून तो एकदा वाचावा. तोच मजकूर दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चालत असेल, तर तो न पाठवता पुस्तक पुन्हा उघडावे.